फोन कोणी उचलला?

नोव्हेंबरात नेदरलँड्समध्ये ट्यूलिप नसतात, पवनचक्क्या धुक्यात असतात आणि सूर्य रजेवर असतो. त्यामुळे त्या दिवसांत तिकडे जाऊन आलेल्या माणसाला फारसं कोणी काही विचारत नाही. मला जे थोडे लोक विचारतात त्यांना मी सांगते की मी मोजायला गेले होते. काय मोजायला, असं पुढे विचारणारे आणखी थोडे. हे त्यांच्यासाठी.

मी पुण्यातल्या एका लहान संस्थेत काम करते. पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा केलेली मुलंमुली पुढे पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला किती जातात, आणि जी जात नाहीत ती का जात नाहीत, हे आम्ही फोन करून विचारतो. अ‍ॅमस्टरडॅमला लागून असलेल्या डीमनमध्ये काही संशोधक त्यांच्या देशातलं असंच काहीतरी मोजतात. महासाथ सुरू झाल्यापासून आम्ही आणि ते पडद्यावरून एकमेकांना "तुमचा आवाज येत नाही" असं सांगत होतो. २०२१ च्या शेवटी लसीचे दोन डोस झालेल्यांना विमानात बसू देऊ लागले, तेव्हा त्यांनी आमच्यातल्या एकाला तीन आठवड्यांसाठी बोलावलं. संस्थेत पासपोर्ट असलेली मी एकटीच होते. निवडीचे बाकीचे निकष मला ठाऊक नाहीत.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मी पत्रकांवर वाढले. वडील इचलकरंजीत यंत्रमाग कामगारांच्या युनियनमध्ये होते. आमच्या घरात साखर संपायची, पत्रकं संपली असं कधी झालं नाही. जोडाक्षरं मी 'धिक्कार' या शब्दावरून शिकले. त्यामुळे निघताना माझ्या बॅगेत लोकरीचे मोजे, मेतकूट आणि चार पानांचं एक टिपण होतं: 'बाराव्या वर्षी मुलांची वाटणी करणाऱ्या शिक्षणव्यवस्थेला काही प्रश्न'. प्रश्न एकवीस होते.

उइटहॉर्न

राहायची सोय माझ्या मावसभावाकडे, अभिजितदादाकडे, झाली. तो अ‍ॅमस्टरडॅमच्या झुइडास भागातल्या एका बँकेच्या आयटीत आहे. झुइडासमधल्या काचेच्या इमारती त्या दिवसांत बहुतेक रिकाम्या होत्या आणि तिथली माणसं आपापल्या घरी वरच्या खोलीत दार लावून बसली होती. दादाही तसाच बसलेला. घर विमानतळाजवळच्या उइटहॉर्नला, एकमेकांना चिकटलेल्या विटांच्या घरांच्या रांगेत. मागे टॉवेलाएवढी बाग. डोक्यावरून विमानं इतकी खालून जातात की बोलणं मध्येच थांबवावं लागतं. तिथली माणसं वाक्याच्या मध्ये थांबतात, विमान जाऊ देतात आणि त्याच शब्दापासून पुढे सुरू करतात.

"या कॉम्रेड!" दादा दारात म्हणाला. "क्रांतीला क्वारंटाइन लागलं का?"

"लस घेतलेल्यांना लागत नाही."

"म्हणजे वर्गभेद आहेच."

त्याची बायको स्नेहलवहिनी मूळची कराडची. लग्नानंतर आठ वर्षांपूर्वी ती त्याच्या व्हिसावर इथे आली. मुलगी रेवा सात वर्षांची. वहिनी तिला म्हणाली, "आत्याला पाणी दे गं." रेवाने डचमध्ये काहीतरी उत्तर दिलं.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, आत्याला हात आहेत की."

जेवायला कुरळ्या पानांच्या एका डच भाजीची पीठ पेरून केलेली भाजी होती. डच लोक ती बटाट्यात कुस्करतात आणि वर सॉसेज ठेवतात. वहिनी तिला लसणाची फोडणी देते. मला दोन्ही देशांबद्दल आदर आहे, पण या बाबतीत माझी बाजू ठरलेली आहे.

दुसऱ्या दिवशी मला शेजारणीची जुनी सायकल मिळाली. या सायकलला ब्रेक हातात नसतो, पायात असतो. उलटं पायडल मारलं की सायकल जागच्या जागी थांबते. हे मला माहीत नव्हतं, आणि उतारावर रिकामं उलटं पायडल मारायची सवय मला लहानपणापासून आहे. मी एका कुंपणात गेले. एक आजोबा थांबले. लागलं का, असं त्यांनी विचारलं. लागलं नाही म्हटल्यावर, मी रस्त्याच्या चुकीच्या बाजूने चालवत होते हे त्यांनी मला समजावून सांगितलं आणि ते निघून गेले. दोन्ही कामं त्यांनी सारख्याच आपुलकीने केली.

डीमन

डीमनच्या कार्यालयात दोन माणसांशी माझा रोजचा संबंध होता. मारिएके ही प्रकल्पाची प्रमुख, पन्नाशीची. योस्ट हा आकडेवाला, तिशीचा, उंची दारापेक्षा थोडी जास्त. दोघांमध्ये आणि माझ्यामध्ये दीड मीटर अंतर होतं आणि खिडक्या हवा खेळती राहावी म्हणून उघड्या होत्या. बाहेर चार अंश होते. आत साडेचार.

त्यांची व्यवस्था थोडक्यात अशी. मूल बाराच्या आसपास असताना शाळा त्याला कुठल्या वाटेने जायचं याचा सल्ला देते. विद्यापीठाची वाट वेगळी, हाताच्या कामाची वेगळी. हाताच्या कामाच्या वाटेने गेलेलं मूल पुढे एमबीओ नावाच्या कॉलेजात जातं. आपल्या पॉलिटेक्निकसारखंच, पण तिथे सुतारकाम, शुश्रूषा, बेकरी, सगळंच शिकवतात. तिथल्या सगळ्यात वरच्या पातळीचा डिप्लोमा मिळाला की एचबीओत, म्हणजे पदवी देणाऱ्या कॉलेजात जाता येतं. योस्टचं काम हे की डिप्लोमा मिळालेल्यांपैकी किती जण शरद ऋतूतल्या मोजणीच्या दिवशी एचबीओच्या पटावर आहेत हे बघायचं. वर्षाने तेच लोक अजून तिथेच आहेत का, हे पुन्हा बघायचं. दार उघडं आहे हे पुरेसं नाही. आत गेलेला माणूस दुसऱ्या दाराने बाहेर तर पडला नाही ना, हेही मोजावं लागतं. हे मला पटलं. मी ते कबूल केलं नाही.

पहिल्याच बैठकीत मी माझे एकवीस प्रश्न वाचले. बाराव्या वर्षी मुलाला खालच्या रांगेत उभं करायचं आणि मग विसाव्या वर्षी त्यातले किती वर चढले हे मोजून अहवाल काढायचा, हा न्याय आहे की हिशेब ठेवलेला अन्याय, असा शेवटचा प्रश्न होता. इचलकरंजीत या ठिकाणी टाळ्या पडतात.

दोघांनी सगळं ऐकून घेतलं. मग योस्ट म्हणाला, "चौदावा आणि सतरावा प्रश्न एकच आहे का?"

मी पाहिलं. एकच होता.

"बाकीचे चांगले आहेत," मारिएके म्हणाली. "मला यातले बरेच मान्य आहेत. कृतीच्या यादीत घेऊ." आणि माझा संताप इतिवृत्तात कृती क्रमांक सात म्हणून नोंदला गेला. जबाबदारी या रकान्यात माझं नाव होतं, मुदत पुढचा गुरुवार.

मग जेवणाची सुट्टी झाली. जेवण म्हणजे ब्रेड, चीज आणि पेलाभर ताक. ताकात जिरं नव्हतं, मीठ नव्हतं, काहीच नव्हतं. सहा फूट सहा इंचांचा योस्ट ब्रेडवर लोणी लावून त्यावर चॉकलेटचे दाणे पेरत होता. आपल्याकडे हे वाढदिवसाला पाच वर्षांच्या मुलालाही सांभाळून देतात.

दुपारी बोलायची पाळी माझी होती. मी आमचे तक्ते दाखवले. पुढे न गेलेल्यांची कारणं: फी, अंतर, नोकरी लागली, जागा मिळाली नाही. मुलींच्या तक्त्यात सगळ्यात लांब पट्टी 'अनिच्छुक' या कारणाची होती. पुढे शिकायची इच्छा नाही. त्यावर मी एक परिच्छेद तयार ठेवला होता, की इच्छा ही वस्तूच समाज कशी घडवतो, वगैरे.

मारिएकेने परिच्छेदाआधी हात वर केला. "इच्छा नाही, हे कोणी सांगितलं?"

"फोनवर विचारलं."

"तुमच्याकडे तिचा नंबर होता?"

"प्रवेश अर्जावरचा नंबर होता."

"तो कोणाचा असतो?"

"वडिलांचा."

"मग फोन कोणी उचलला?"

विमान जात नव्हतं, तरी मी थांबले. आमच्या फॉर्मवर एक चौकट आहे. 'प्रतिसाद देणारी व्यक्ती: स्वतः / वडील / भाऊ / पती / इतर'. ती आम्ही प्रत्येक फोनला प्रामाणिकपणे भरत होतो. मीसुद्धा भरली होती. फोन उचलणाऱ्याला आधी नमस्कार काका म्हणायचं, मुलीचं अभिनंदन करायचं, मग विचारायचं. काका म्हणायचे, "नाही नाही, तिला काय पुढे शिकायचं नाही." मी आभार मानायचे आणि 'अनिच्छुक'वर खूण करायचे. ती चौकट आम्ही भरत होतो, वाचत नव्हतो.

योस्टने माझ्याकडून फाइल घेतली आणि त्या चौकटीप्रमाणे लावली. त्याला फार वेळ लागला नाही. मुलींच्या 'अनिच्छुक' यादीत 'स्वतः' शोधावं लागत होतं.

"तुम्ही तिला पुन्हा फोन करून ठरलेली वेळ का घेत नाही?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. इथे प्रत्येक गोष्टीला आधी वेळ ठरवावी लागते. तिला अफस्प्राक म्हणतात. केस कापायला, दाढ दाखवायला, मैत्रिणीकडे चहाला जायलाही अफस्प्राक लागते. मला हा प्रकार पहिल्या दिवसापासून माणूसघाणा वाटत होता. त्या दुपारी पहिल्यांदा लक्षात आलं, की ही वेळ ज्याची असते त्याच्याशीच ठरवतात.

कृती क्रमांक आठ. जबाबदारी: मी.

पुन्हा उइटहॉर्न

संध्याकाळी मी वहिनीला हे सांगितलं. ती कणीक मळत होती.

"माझ्या वेळीही आला होता की फोन," ती म्हणाली. "पॉलिटेक्निकमधून. डायरेक्ट सेकंड इयरचा फॉर्म भरणार का म्हणून. माझ्या अण्णांनी उचलला."

"काय म्हणाले?"

"काय म्हणणार? माझं ठरत होतं तेव्हा. फोन आला होता हे मला तीन महिन्यांनी कळलं. साखरपुड्यात."

वहिनीचा डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्सचा. पहिल्या वर्गात, आणि त्यातही वर. हे मला आठ वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. आमच्या घरात ती 'अभिजितची बायको, स्वयंपाक छान करते' या नोंदीखाली होती. पण तिने इथे काय केलं ते ऐका. कराडचा डिप्लोमा तपासायला पाठवला. तो एमबीओच्या सगळ्यात वरच्या पातळीइतका आहे, असं पत्र आणलं. डच शिकली. भाषेची परीक्षा साथीमुळे दोनदा रद्द झाली. तिसऱ्यांदा ती मास्क लावून तोंडी परीक्षा देऊन पास झाली. आणि आता तिने एचबीओत इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगला अर्ज केला होता. फेब्रुवारीत सुरू होणाऱ्या तुकडीला. त्यानंतरच्या वर्षी फेब्रुवारीची तुकडी निघणार नव्हती, आणि भाषेचे नियमही बदलणार असं कॉलेजच्या पानावर लिहिलं होतं. मुलाखतीची वेळ कळवणारा फोन यायचा होता.

"दादाला माहितीये?"

"माहितीये ना. तो म्हणाला, बघ, जमत असेल तर."

त्या वाक्यावर एक पत्रक निघू शकलं असतं. मी गप्प राहिले, कारण भूक लागली होती.

त्या आठवड्यात रेवाच्या वर्गात कोणालातरी कोरोना झाला आणि सगळा वर्ग घरी आला. घरात दादाच्या मीटिंगा, रेवाची पडद्यावरची शाळा, माझे तक्ते आणि वहिनी असे चार विभाग झाले. त्याआधीच्या शनिवारी हवा खायला आम्ही आम्स्टल नदीच्या काठाने चालत गेलो. कॅफेत शिरायला लसीचा क्यूआर कोड लागतो आणि माझ्या कोविशील्डच्या प्रमाणपत्रातला कोड त्यांच्या यंत्राला वाचता येईना. वेटरने माझी कॉफी बाहेर बाकावर आणून दिली. पाऊस सुरू झाला तेव्हा आतून तिघांनी मला हात हलवला.

बुधवारी दुपारी वहिनीला मेल आला. तिने तो वाचला, पुन्हा वाचला आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला. मला डच येत नाही हे तिच्या लक्षात नव्हतं.

"काय लिहिलंय?"

"तुम्ही अर्ज मागे घेतल्याची नोंद आम्ही केली आहे. पुढील शिक्षणासाठी शुभेच्छा."

"तू मागे घेतलास?"

"नाही."

दादा पाण्याची बाटली भरायला खाली आला होता. आमचे चेहरे बघून थांबला.

"अभि, कॉलेजचा फोन आला होता का?"

"हो, अगं... सोमवारी. मी डेमोच्या मध्ये होतो. ती बाई म्हणाली गुरुवारी मुलाखतीला येता येईल का. रेवा घरी, क्वारंटाइन... मी म्हटलं या वेळी जमणार नाही, पुढच्या वेळी बघू."

"मला सांगितलं नाहीस."

"विसरलो गं. डेमो होता." मग तो जरा वरच्या आवाजात म्हणाला, "आणि माझ्या नंबरवर कशाला आला पण त्यांचा फोन?"

वहिनीने अर्ज उघडला. नंबराच्या रकान्यात त्याचा नंबर होता. तिनेच लिहिलेला. या घरात आल्यापासून डॉक्टर, वीज, नगरपालिका, शाळा, सगळ्या कागदांवर त्याचाच नंबर होता, आणि ती हे कागद इतकी वर्षं भरत आली होती, की स्वतःचा अर्ज भरतानाही हात आपोआप तोच नंबर लिहून गेला.

वरून एक विमान गेलं. ते गेल्यावर दादाने पाण्याची बाटली ठेवून दिली.

"मी करतो फोन," दादा म्हणाला, आणि त्याने केला. दोन मिनिटांत खाली ठेवला. "म्हणतात, अर्जदाराशीच बोलू."

"मी निवेदन लिहून देते," मी म्हणाले. "ठाम. मुद्देसूद. प्रवेशप्रक्रियेतली ही..."

"निवेदन नको," वहिनी म्हणाली. "तू रेवाला घेऊन वर जा."

मी रेवाला घेऊन जिन्यापर्यंत गेले आणि चौथ्या पायरीवर बसले. दादा आमच्या मागे येऊन सातव्या पायरीवर बसला. वहिनीने स्वतःच्या फोनवरून नंबर लावला आणि स्पीकर सुरू केला. तिचं डच मी तोवर दुकानात ऐकलं होतं, हळू आणि नम्र. आता ते फक्त हळू होतं.

"काय म्हणतेय?" मी रेवाला विचारलं.

"आई म्हणते, मी अर्ज मागे नाही घेतला."

"मग?"

"बाई म्हणते, इथे लिहिलंय घेतला."

"मग?"

"आई म्हणते, ते उत्तर माझ्या नवऱ्याचं होतं. माझं नाही. मला कोणी विचारलंच नाही." रेवा थांबली. "बाई टाइप करते." मग, "बाई म्हणते, सॉरी, सगळ्या जागा फुल."

वहिनी बोलत राहिली. रेवाने भाषांतर करायचं सोडून दिलं, कारण तिला स्वतःलाच ऐकायचं होतं. मी तिला कोपराने ढोसलं.

"आई म्हणते, मला जागा आज नको. मला मुलाखत पाहिजे. मग तुम्ही नाही म्हणा. मला म्हणा."

पलीकडे पुन्हा टाइप केल्याचा आवाज. मग काहीतरी आलं.

"मंगळवार," रेवा म्हणाली. "साडेआठ."

वहिनीने वळून जिन्याकडे पाहिलं. मंगळवारी रेवाची शाळा पुन्हा सुरू होत होती, साडेआठलाच, आणि साडेआठला दादाची रोजची मीटिंग असते.

"मी सोडतो रेवाला," दादा म्हणाला.

"तुला अजून विचारलं नाही," वहिनी म्हणाली, आणि फोनमध्ये होकार देऊन वेळ लिहून घेतली.

मंगळवार ते शुक्रवार

मुलाखतीला मी सोबत गेले, पण बाहेर थांबले. कॉलेजच्या दाराशी सायकली इतक्या होत्या की आत शिकणारे नक्की किती आणि सायकली सोडून गेलेले किती, हे योस्टलाही सांगता आलं नसतं. पाऊण तासाने वहिनी बाहेर आली. मास्कवर चष्मा धुरकटलेला.

"काय विचारलं?"

"आठ वर्षं काय केलंत, असं विचारलं."

"मग?"

"सांगितलं सगळं. छपरावरच्या सोलरचा इनव्हर्टर उघडून दुरुस्त केला ते पण. शेजारच्या तीन घरांचेही." ती सायकलचं कुलूप काढत होती. "गणितात अडखळले. दोन प्रश्न सोडले. शुक्रवारी कळवतील."

गुरुवारी डीमनला माझी शेवटची बैठक होती. कृती क्रमांक आठखाली मी लिहून दिलं की 'अनिच्छुक' यादीतल्या प्रत्येक मुलीला पुन्हा, तिचा स्वतःचा नंबर मिळवून, तिच्याशी वेळ ठरवून फोन केला जाईल. तोवर तो तक्ता आम्ही मागे घेत आहोत. पुण्यातल्या आमच्या सरांना हे आवडलं नाही. तक्ता अहवालाच्या मुखपृष्ठावर होता. मग मी मारिएकेला वहिनीबद्दल सांगितलं आणि विचारलं, की तिला प्रवेश मिळाला तर ती तुमच्या आकड्यांत कुठे दिसेल.

मारिएकेने योस्टकडे पाहिलं.

"नाही दिसणार," योस्ट म्हणाला. "आम्ही इथे डिप्लोमा मिळालेल्यांपासून सुरू करतो. परदेशी डिप्लोमा असलेले सुरुवातीलाच नसतात."

"म्हणजे ती वर चढली, पण जिन्यावर नव्हतीच."

"हो," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले. मग त्याने वही उघडली आणि कृती क्रमांक नऊ लिहिली. जबाबदारी: योस्ट. तीन आठवड्यांतला माझा हा एकमेव राजकीय विजय.

शुक्रवारी चार वाजता अंधार पडायला लागला होता. माझं विमान दुसऱ्या दिवशी सकाळचं. वहिनी पोळ्यांची कणीक झाकून ठेवून ओट्याशी उभी होती आणि तिचा फोन वाजला. मेल होता. तिने तो उभ्यानेच वाचला.

"घेतलंय," ती म्हणाली. "अट आहे. जानेवारी संपायच्या आत गणिताची परीक्षा पास व्हायची."

दादा आता रोज चार वाजता खाली यायला लागला होता. "म्हणजे अजून नक्की नाही," तो म्हणाला.

"नक्कीच आहे. मी नको असते तर अट कशाला घातली असती?"

तिने टेबलावरची रेवाची चौकटीची वही ओढली, मागच्या पानापासून उलटी सुरुवात केली आणि मेलसोबत आलेल्या नमुना प्रश्नांतला पहिला प्रश्न उतरवून घेतला. रेवाने वही माझी आहे असं डचमध्ये सांगितलं. पाच मिनिटं गेली. वहिनीने एक ओळ खोडली आणि पुन्हा लिहिली. तवा रिकामा होता.

"आणि पोळ्या?" दादाने हळूच मला विचारलं.

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने बाह्या वर केल्या, हात धुतले आणि कणकेवरचं फडकं उचललं.

"यात मीठ घातलंय का गं?"

"मला काय माहीत? तिला विचार."

वहिनी वहीतून वर न बघता म्हणाली, "घातलंय. आता दोघंही गप्प बसा."